होयचे बहुमत

साहेबांचं पत्र मीच लिहितो.
‘प्रिय मतदार बंधू-भगिनींनो’पासून ‘आपला नम्र’पर्यंत
स्वल्पविरामसुद्धा माझे.
सही तेवढी त्यांची, तीही आता
रबरी शिक्का होऊन माझ्याच खणात असते.

या वेळी आठ पानं, गुळगुळीत कागद.
कणकवलीहून छापून आणले गठ्ठे
स्कूटरच्या पायाशी रचून
देवगडच्या धक्क्यावर उतरलो
लिलावाच्या अर्धा तास आधी.

वाटत गेलो.
कुणी हात पुसून घेतलं,
कुणी उलटसुलट करून, यात काही बांधता येईल का म्हणून.
नाही येत. हा कागद पाणी पीत नाही.

बर्फाच्या पेटीवर बसलेली रुक्मा खवणेकर म्हणाली,
“बत्तीवाल्यांचा काय ता वाच.”

पान पाच.
‘प्रखर दिव्यांच्या बोटींना परवाने देणाऱ्या विधेयकावर
आपल्या भावना मी सभागृहात पोटतिडकीने मांडल्या.
विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले.’

“आवाजी म्हंजे?”
सांगितलं. अध्यक्ष विचारतात,
बाजूचे होय म्हणतात, विरोधातले नाही,
मग अध्यक्ष कानांनी ठरवतात.
“मोजनत नाय?”
कुणी मागणी केली तर मोजतात.
“सायबांनी केल्यानी?”
मी पान उलटलं. सहाव्यावर
स्मशानाची शेड होती, फोटोसकट.

“मगे सायेब व्हय म्हणाले काय नाय?”

आता हिला कसं सांगू
की त्या दिवशी मी वर गॅलरीतच होतो.
खाली दीडशे तोंडं एकदम उघडली
आणि मी एकाच तोंडाकडे बघत होतो.
नाही म्हणताना ओठांचा चंबू होत नाही.
झालेला मला दिसला.
की ते पाण्याचा ग्लास तोंडाला लावत होते?
ग्लास होता. हेही खरं आहे.
परतीच्या गाडीत त्यांनी डोळे मिटून घेतले
आणि मी पत्राचं पाचवं पान
मनात जुळवू लागलो.

रुक्मानं पानाला चुना लावला.
“माजा मत गुपित. ता माजा आसा म्हणान.
तेंचा मत खंय तेंचा? ता पण माजाच.
मगे माजाच मत
माकाच ठावक नाय, ह्या कसा?”

तेवढ्यात होड्या लागल्या, टोपल्या उतरल्या,
वासू मोंडकरानं लिलाव उघडला.
वासूला मोतीबिंदू आहे. तो माणसं आवाजावर ओळखतो.
दोन हजार, कोण? पारकरीण.
बावीसशे, कोण? हसीना.
इथे प्रत्येक आकड्याला घर आहे,
आणि बोललेलं मागे घेतलं
तर उद्या शेजारी कुणी उभं राहत नाही.

अठ्ठावीसशे एक वार, दोन वार…
मागून कुणीतरी ओरडून विचारलं,
पत्रां संपली काय रे?
त्या कालव्यात मीही ओरडलो, “होय!”

“तीन वार,” वासू म्हणाला. “आमदारांचो माणूस.”

मी नाही, म्हणजे मी ते दुसऱ्याला,
असं काहीतरी म्हणू लागलो.
कुणी हसलं नाही.
रुक्मा माझ्या ओठांकडे बघत होती.

खिशात पंचवीसशे निघाले.
वरचे तीनशे तिनेच कमरेच्या पिशवीतून काढून घातले,
“सोमवारी दी.”

जामसंड्याच्या चढावर
बांगड्यांचं पाणी गठ्ठ्यांवर टपकत होतं.
घरी आम्ही दोघंच.
चढ संपला तिथे थांबून साहेबांना फोन लावला.
बांगडे पाठवू का, एवढंच विचारणार होतो.
विचारलं दुसरंच.

पलीकडे कुठलातरी सत्कार चालू असावा.
बराच वेळ
नुसता गोंगाट ऐकू येत राहिला.