इयत्ता आठवी, रुवी

पहाटे साडेचारला बोटं माझी नसतात.
लाकडाची असतात, रात्रीत कुणी बदलून ठेवलेली.
मूठ उघडायची, मिटायची, उघडायची,
वीसदा. मग चहाचा कप धरता येतो.

गोळी रात्री नऊला.
पिवळी, तुरीच्या दाण्याएवढी.
पाच वर्षं म्हणालेत, त्यातलं एक आणि चार महिने सरले.
एवढीशी ती, पण गुडघ्यापासून करंगळीपर्यंत
सगळीकडे तिचं बिऱ्हाड.

दिगंबर एसी दुरुस्त करतो, चोवीस वर्षं.
मस्कतच्या गच्च्यांवर चढतो, गॅस भरतो,
बँका गार करतो, मशिदी गार करतो.
रात्री दोनला मी उशी उलटते
तेव्हा अंधारात विचारतो, "अठरावर करू?"
"कर."
मानेमागून उगवणाऱ्या झळेला
अठरा म्हणजे काय ते ठाऊक नाही.
बाहेर बेचाळीस, आत ही.
यातलं कोणतं ऊन ओमानचं
आणि कोणतं माझं?

पाच वाजता मत्रहचा समुद्र.
झुवैनाची उजवी गेली, माझी डावी.
तिचं हिंदी दुकानातलं, माझं अरबी भाजीबाजारातलं,
दुखणं मात्र दोघींना अस्खलित येतं.
ती म्हणते "यल्ला", मी म्हणते "चल गो",
आणि आम्ही दिव्याचे खांब मोजत निघतो.
पहिल्या महिन्यात चार खांब, की कट्ट्यावर बूड.
आता टेकडीवरच्या त्या अगडबंब धुपाटण्याच्या
पायथ्यापर्यंत.

हिबा, आहार सांगणारी सुदानी पोरगी,
कागदावर माझ्या ताटाची वाटणी करते.
अर्ध्यात भाजी. भाताला पाव.
पाव! अगं, मी देवगडची,
एवढा भात आम्ही कावळ्याला ठेवतो.
भांडले. मग मुकाट नाचणी आणली,
केरळच्या पिशवीतली, दुसऱ्याच नावाची.
तारल्या इथे ढिगाने.
काट्यांसकट चाव, झुवैना म्हणते, हाडाला हाड.
माझं हाड विरळ झालंय म्हणे,
रिपोर्टात आकड्याआधी उणे आहे.
"आंबोळीसारखं?" मी विचारलं.
डॉक्टरांना आंबोळी माहीत नव्हती.

रोज होतं असं नाही.
मंगळवारी सोफ्यावर बसून अर्धा डबा हलवा खाल्ला,
ओमानी, केशराचा, चमच्याने नाही, बोटाने.
गोळी तळव्यात धरून बसले
सव्वादहापर्यंत. पिवळा रंग हाताला लागला.
दिगंबर बोलला नाही काही.
पाण्याचा पेला ठेवला आणि बातम्या बघायला गेला.
घेतली.

आणि संध्याकाळी चौकट.
स्वयंपाकघराच्या दाराला निमिषच्या उंचीच्या रेघा,
बालवाडीपासून बारावीपर्यंत, पेन्सिलीच्या.
तो आता कोइम्बतूरला. फोनवर विचारतो,
"चाललीस का आज?" जसं मी विचारायचे, जेवलास का.
डावा हात चौकटीला टेकवायचा,
बोटांनी कोळ्यासारखं वर सरकायचं.
ऑपरेशननंतर बालवाडीतच अडकले होते.
रडतरडत चौथीत गेले,
गोळी सुरू झाली, खांदा आखडला,
पुन्हा दुसरीत.
मग रबरी पट्टा, मग दोन किलो बेसनाची पिशवी
उचल, ठेव, उचल,
शेजारच्या लिसम्मा नर्सने दटावलं की श्वास सोड.

काल मधलं बोट आठवीच्या रेघेला लागलं.
त्या वर्षी त्याने फ्रिजवरचा लाडवांचा डबा
मला न विचारता खाली काढला होता,
आणि मी ओरडायचं सोडून
बघत राहिले होते, केवढा झाला.

घर सोडताना मालक रंग मारून घेईल सगळ्याला.
तेव्हाचं तेव्हा.
पेन्सिल सापडली, बोथट.
रेघेशेजारी तारीख घातली.
नववी जरा वर आहे.
नववी निमिषलाही जड गेली होती.