खाडा

नववी ड. पट बावन्न.
सात वीसला मी कॅटलॉग उघडते
आणि मान वर न करता नंबर घेत जाते,
तांदूळ निवडता निवडता कुणी बोलत राहावं तसं.
हजर. हजर बाई. हजर.
सतरा.
सतरा?
पंख्याचा आवाज. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसतं.
लाल पेनाने मी घर भरते.

नियम ऑफिसबाहेर लॅमिनेट करून लावलाय :
पंच्याहत्तर टक्के हजेरी नसल्यास
वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही.
सेलोटेपचा एक कोपरा सुटलाय,
वारा आला की नियम फडफडतो.

दुर्गेश धोत्रे. गणितात सहामाहीला अकरा.
पण त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर
मला हा हिशेब सापडला :
कामाचे दिवस दोनशे वीस.
पंच्याहत्तर टक्के म्हणजे एकशे पासष्ट.
उरले पंचावन्न.
पैकी त्रेपन्न गेले.
उत्तराखाली दोन रेघा,
मी शिकवते तशाच.

"दोन राहिलेत, बाई," तो म्हणाला,
डब्यातल्या लाडवांबद्दल सांगावं तसा.
"मार्चसाठी ठेवलेत."
मार्चमध्ये काय आहे?
तो खिडकीबाहेर बघू लागला.

कुठे जातोस?
कालव्यावर.
काय करतोस तिथे?
पाणी बघतो. सोडलं की फुगतं. इंदापूरपर्यंत जातं, बाई.
मग शाळा सुटल्यावर बघ ना.
तेव्हा सगळेच असतात.

मी चौकशी केली.
कामाला पाठवतात का? नाही.
घरी कुणी आजारी? नाही.
मारतात? पितात? कुणी चिडवतं वर्गात?
नाही बाई, नाही बाई.
इतकी नकारघंटा ऐकून मीच थोडी खट्टू झाले,
एखादं दुःख असतं तर रकाना भरला असता.
कारण नसलेला खाडा कुठे लिहायचा
हे बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

नोटीस काढली. तीन प्रती.
बुधवारी त्याचे वडील आले, धायरीच्या साइटवरून,
पायाच्या बोटांत सिमेंट वाळलेलं.
खुर्ची खराब होईल म्हणाले, उभेच राहिले.
थापी धरावी तसं पेन धरून
सहीच्या चौकटीत सावकाश नाव लिहिलं,
आणि आवाज न चढवता म्हणाले,
"म्हणजे बाई, आज माझाबी खाडा."

तोच शब्द.
मुकादमाच्या वहीत त्याची किंमत आठशे रुपये.
माझ्या कॅटलॉगात
शून्य पूर्णांक पंचेचाळीस टक्के.

दुर्गेश दाराशी होता. त्याला कुणी रागावलं नाही.
जाताना वडिलांनी त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं
आणि जिना उतरून गेले.

गुरुवारी तो आला. शुक्रवारी आला.
शेवटच्या पानावर, दोन रेघांच्या खाली,
नवी ओळ होती :
दादा, १.
मिळवलेली नाही, वजा केलेली नाही,
नुसती लिहिलेली.
वह्या तपासताना मी त्या पानावर सही केली नाही.

आज सोमवार.
दत्तवाडीच्या पुलावरून येताना पाहिलं,
कालव्याला पाणी सुटलंय.
काठाकाठाने वर चढलेलं, गढूळ, घाईत असलेलं.
रिक्षावाल्याला म्हटलं, जरा थांबा.
मग म्हटलं, चला, उशीर होतोय.

पंधरा. हजर.
सोळा. हजर बाई.
सतरा.
"हजर बाई!"
आवाज घोगरा. सतराचा नव्हे.
कुणाचा ते मला माहीत आहे,
आणि मला माहीत आहे हे वर्गालाही माहीत आहे.
मान वर केली की बाक दिसेल.

लाल पेनाला टोपण लावते.
पेन्सिलने त्या घरात एक टिंब देते,
खोडता येईल इतकं हलकं,
आणि पुकारते :
अठरा.