टक्

दोन कोटेशनं टेबलावर.
बेल्मिरोनं त्यांवरच कॉफीचा कप ठेवला,
ओल्या तळाचं वर्तुळ दोन्ही कागदांवर अर्धं-अर्धं.

पहिल्यात जुनाच कंट्रोलर, त्याच मॉडेलचा, वापरलेला,
फिगेइराच्या बंद पडलेल्या कारखान्यातून उतरवलेला.
विकणारा फोनवर म्हणाला, बाई, अजून वीस वर्षं सहज.
दुसऱ्यात नवा, तळहाताएवढा,
स्वतःच्या चुका तारीख-वेळेसकट लिहून ठेवणारा.
मालकांना उत्तर शुक्रवारी हवंय.

जुन्याच्या पॅनेलचं दार उघडलं की आधी खारट धूळ,
तीस हंगामांच्या सार्डिनची वाफ
पंख्याच्या जाळीवर चिकटलेली.
आत एक बॅटरी, करंगळीच्या पेराएवढी.
ती मेली आणि नेमकी तेव्हाच वीज गेली
तर हा गडी सगळं विसरतो,
किती वाफ, किती मिनिटं, कुठली झडप कधी.
दर जूनला, सांतु आंतोनियुच्या सणाआधी,
बेल्मिरो ती बदलतो
वीज चालू ठेवून, श्वास रोखून,
झोपलेल्या बाळाखालचं ओलं दुपटं काढावं तशी.

मी लॅपटॉपवर त्याची शिडी उघडते.
दोनशे बारा पायऱ्या,
शेरे आठ-आठ अक्षरांत कोंबलेले,
अक्षरांच्या डोक्यावरची चिन्हं गळून गेलेली.
एकशे सेहेचाळिसावी पायरी:
दार बंद झाल्यावर चार सेकंद थांब.
शेरा नाही.
चारच का?
बेल्मिरो कपात बघतो.
"तीन पुरत नव्हते."
मग तो खिशात स्क्रू ड्रायव्हर शोधू लागतो,
जो त्याच्या हातातच आहे.

खाली वाफेच्या टाक्यांपाशी आदोझिंदा.
सव्वीस वर्षांत तिनं पॅनेलच्या दिव्यांकडे
वळून पाहिलेलं मला आठवत नाही.
टक्, दार.
टक् टक्, वाफ.
मग लांबलचक काहीच नाही, त्यात ती हातमोजे पिळते,
मुलीच्या नवऱ्याला नावं ठेवते,
आणि टक्, थंड पाणी.
दिवा लागायच्या आत तिची पुढची ट्रॉली हललेली असते.

"नव्याचा आवाज कसा आहे?" तिनं विचारलं.
नव्याला आवाज नाही.
त्याच्या आत काही उचललं जात नाही, काही आपटत नाही,
सगळं सिलिकॉनच्या पोटातल्या पोटात.
मी म्हटलं, शांत असेल.
ती म्हणाली, "शांत तर बिघडलेलंही असतं."

रात्री हिशेब मांडला.
सुटे भाग दोन, त्यातल्या एकाच्या पिना वाकलेल्या.
बेल्मिरो मार्चमध्ये निवृत्त.
आणि हा मरेल तो ऑगस्टमध्येच मरेल,
धक्क्यावर अकरा टन मासळी,
बर्फ वितळतोय, मालक जिन्यावरून ओरडतायत.
कितीही वेळा बेरीज केली तरी उत्तर नवाच.
हे मला मंगळवारीच कळलं होतं.
बाकीचे दिवस मी फक्त
त्याच्याशी नीट वागत होते.

ऑर्डरच्या कागदावर खाली एक ओळ असते,
आउटपुट कार्ड कुठलं, ट्रान्झिस्टर की रिले.
रिले मंद. काही लाख वेळा वाजून झिजणारं.
वर त्रेचाळीस युरो जास्त.
मी रिले लिहिलं.

"हे कशासाठी?" मालकांनी पेनाच्या टोकानं विचारलं.
कानासाठी, म्हटलं.
त्यांना ती काहीतरी तांत्रिक अट वाटली असावी.
सही केली.

आता नवी शिडी चढवतेय, एकेक पायरी.
शेऱ्यांना इथे अक्षरांची मर्यादा नाही,
हवी तर कादंबरी लिहा.
एकशे सेहेचाळिसाव्यापाशी कर्सर लुकलुकतो.
चार सेकंद मी तसेच ठेवलेत.
समोर बेल्मिरो, नखानं टेबलावरचा
कॉफीचा वाळलेला डाग खरवडतोय.
अजून काही बोललेला नाही.
मी उठून पुन्हा पाणी उकळायला ठेवते.