बिनमिठाचं

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण, माझ्या नातीएवढी,
धोट्याच्या पोटावरून हात फिरवत म्हणाली,
मावशी, टपरीवरचा बिस्किटपुडा आजपासून बंद.
साखर नको, मीठ नको,
कांदा-लसूण तर नावालासुद्धा नको.
मी म्हटलं, बाई, मग यानं सोलापुरात राहायचं कसं?

धोटा हे नाव ह्यांनी ठेवलेलं.
पिल्लू होता तेव्हापासून कारखान्यात
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
गेला की आला, आला की गेला.
मग माग भंगारात गेले, किलोवर.
हे घरी आले, हातात जेवणाचा डबा, मागे कुत्रं.
आता दोघंही दिवसभर उंबऱ्याशी बसतात
आणि दोघांनाही कंबर अशी राहिलेली नाही.

तर मी बसले.
ज्वारीचं पीठ, मंगळवेढ्याकडचं, दोन वाट्या.
लाल भोपळा उकडून, पाणी निथळून.
शेंगा भाजल्या, सालं पाखडली,
चटणीला कुटते तशाच कुटल्या, तेल सुटेपर्यंत.
हात सवयीनं लसणाच्या टोपलीकडे गेला,
मी त्याला चापटी मारली.
एक अंडं, मंगळवार नव्हता म्हणून.

कापायला काय घ्यावं?
माळ्यावरून सूप काढलं.
सुपात कात्री, आणि तो पत्रा
ज्याच्या मापानं सदतीस वर्षं बिडीची पानं कापली.
चिंचेनं घासला, राखेनं घासला,
उन्हात ठेवला, पुन्हा घासला, हुंगून पाहिला.
तंबाखू गेली होती.
निदान पत्र्यातून.

मौलालीची भट्टी रात्री दहाला टोस्ट काढून मोकळी होते,
विटा मात्र पहाटेपर्यंत तापलेल्या असतात.
ताट बघून तो म्हणाला,
"अव्वा, बिड्या भाजायलीस काय?"
कुत्र्यासाठी आहे म्हटलं. हसला नाही.
पिठाला बोट लावून बघितलं,
म्हणाला, मागच्या कोपऱ्यात ठेवतो, तिथं धग मऊ असते.
पैशाचं विचारलं
तर म्हणाला, उरलेल्या धगीचं काय भाडं?

पहिला घाणा कडक भाकरीहून कडक.
धोट्यानं हुंगलं, उचललं, परत फरशीवर ठेवलं
आणि माझ्याकडे पाहिलं
हुबेहूब आमच्या चेकरसारखं.
तो मूठ भरून बिड्या बाजूला सारायचा, म्हणायचा, छाट.
हजारात साठ, कधी सत्तर.
मजुरी कापायचा, बिड्याही ठेवून घ्यायचा.
त्याला मी कधी काही बोलले नाही.
धोट्याला मात्र सुनावलं,
मोठ्यानं, तेलुगूत,
शेजारच्या इरव्वानं खिडकी उघडेपर्यंत.

दुसऱ्या घाण्यात भोपळा वाढवला.
ताटात पंचवीस-पंचवीसच्या ओळी लागल्या,
मी लावल्या नाहीत, बोटांनीच लावल्या.
धोट्यानं करकर चावून खाल्लं,
जमिनीवरचा चुरा चाटला,
मग माझ्या पायावर पंजा ठेवून
भिंतीकडे बघत बसला,
जणू पंजा त्याचा नव्हेच.

डब्यात शंभर भरली.
रोजची पाच, म्हणजे वीस दिवस.
नवव्या दिवशी तळ दिसला.
माझा हिशोब चुकत नाही.
उंदराची लेंडी नाही, मुंग्यांची रांग नाही,
गोडच नाही तर मुंग्या येतील कशाला?

रात्री जेवताना
ताटावरून मान वर न करता हे म्हणाले,
"त्या डब्यातल्यात जरा मीठ टाक की."

धोट्यानं ह्यांच्याकडे पाहिलं.
मी भाकरी वाढली, वर काही बोलले नाही.
ह्यांच्या डॉक्टरनंही दिवाळीपासून
साखर आणि मीठ लिहून बंद केलंय,
तो कागद ह्यांनी कुठं लपवलाय
ते मला ठाऊक आहे.

उद्यापासून पीठ चार वाट्या.