चाचणी

समुद्र घाटाच्या पलीकडं.
इथं उद्यमनगरात, दस्तगीर मुजावरच्या लेथवर
जहाजाच्या पोटासाठी झाडू तयार होतोय:
दोन मोटरी, एक फिरता हात,
तोंडाला पितळी नोझल.

चाचणीला होल्ड कुठनं आणायचा?
शिरोलीतल्या बंद फाउंड्रीची शेड मिळाली.
पत्र्याला आतून कोळशाची भुकटी नि चिकट तेल फासलं,
वाळेपर्यंत चहा.

सर्जेराव तेवढे गप्प.
अकरा वर्षं बोटीवर काढलेली.
कोळसा उतरला की गहू भरायच्या आधी
शिडीनं खाली. बादली, खराटा,
बांबूला बांधलेलं खरवडणं,
वर आभाळाचा एवढासा चौकोन.
सुट्टीत गावी आले तरी
आठवडाभर नाकातनं काळंच यायचं.

बटण दाबलं. हात फिरला.
पाणी पत्र्यावर कडाडलं.
चौदा मिनिटांत भिंत उघडी.
पोरांनी शिट्ट्या मारल्या.

सर्जेरावांनी खिशातला रुमाल काढला,
तपासणीस फिरवायचा तसा
अँगलच्या मागं घातला, जिथं पाणी वळत नाही.
बाहेर काढला.

'इथं माझा हात जायचा,' एवढंच म्हणाले.

दस्तगीरनं त्या जागी खडूनं फुली मारली,
नि नोझल परत चकमध्ये धरलं.