घळीच्या काठावर खुर्ची

आमच्या टेकडीला मधोमध एक घळ आहे.
वाल्पराइसोच्या नकाशात तिला नाव नाही,
आम्ही नुसतं 'खाली' म्हणतो.
जुनी गादी? खाली.
फुटका कमोड? खाली.
मेलेलं कुत्रं, पोत्यात बांधून, खाली.

वीस वर्षं माझा हाच धंदा.
निळी पिकअप, दोरीने आवळलेलं दार,
समोरचा एक दिवा अधू.
लोक फोन करायचे, "एलिसेओ, जरा घेऊन जा की."
कुठे, ते कुणी विचारायचं नाही.
पैसे त्या न विचारण्याचेच असायचे.

रात्री दीडच्या सुमारास,
शेवटच्या वळणाला दिवा मालवून
उताराला गाडी न्यूट्रलवर सोडायची,
फाळका पाडायचा, लाथ घालायची
आणि ऐकत उभं राहायचं.
वस्तू तळापर्यंत आवाज करत नाही,
मध्येच कुठेतरी झुडपात गप्प होते.
ती गप्प झाली की मी घरी जाऊन झोपायचो.

फेब्रुवारीत वणवा आला.
दक्षिणेचा वारा, वाळलेली निलगिरी,
आणि खाली वीस वर्षांची माझी मेहनत:
स्पंज, टायर, रंगाचे डबे.
जिना चढावा तशी आग घळीतून वर आली.
प्रत्येक पायरी मी ठेवलेली.

एर्मेलिंदाबाईंचं घर गेलं.
पत्रे पानासारखे वळले.
त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही.
एप्रिलमध्ये, नवं छप्पर चढायच्याही आधी,
स्वयंपाकघरातली वाचलेली एक खुर्ची
घळीच्या काठावर आणून ठेवली
आणि रात्रीच्या बसू लागल्या.
मांडीवर घोंगडी, शेजारी थर्मास,
हातात करपल्या कडांची शाळकरी वही.

मला वाटलं, दोन रात्री बसतील.
थंडी पडली की उठतील.

जूनमध्ये समुद्रावरून धुकं चढतं,
डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही,
त्या धुक्यात मी गाडी आणली.
मागे फ्रीज होता.

"कोण आहे?" असं त्यांनी विचारलंच नाही.
विचारलं, "काय आहे?"
"फ्रीज."
"रंग?"
"पांढरा. म्हणजे होता."
कागदावर पेन चाललेलं ऐकू आलं.
"दाराला काही चिकटवलंय?"
मी विजेरी पाडली.
एक लोहचुंबक, अननसाच्या आकाराचं,
आणि त्याखाली कुणाच्या तरी पोराचं चित्र:
भिंती, धुराडं, धुराडातून धूर.
"घर आहे," मी म्हणालो.
"लिहिते," त्या म्हणाल्या. "घर."

देव आठवला वगैरे काही नाही.
पाय गारठला होता, एवढंच सांगतो मी लोकांना.
लाथ काही उचलली गेली नाही.
फ्रीज परत नेऊन मालकाच्या दारात ठेवला.
सकाळी त्याने शिव्या घातल्या,
पैसे परत मागितले. दिले.

आता पालिकेचा ट्रक महिन्यातून एकदा येतो.
लोक त्यालाही नावं ठेवतात:
उशिरा येतो, गाद्या घेत नाही,
ड्रायव्हर उर्मट आहे. आहेच तो.
पण घेऊन जातात सगळे, खांद्यावरून, हातगाडीवरून.
दृष्टीआड सृष्टी, म्हणतात ना;
आमच्याकडे दृष्टीआड एक बाई बसते.

मंगळवारी मी बसतो.
त्यांचे गुडघे दुखतात हल्ली.
परवा थर्मास संपल्यावर वही चाळली.
पहिलं पान. तारीख जानेवारीची,
वणव्याच्या आधीची.
'निळी गाडी. एक दिवा बंद. चार टायर.'
आणि खाली, नावासाठी,
पट्टी धरून ओढलेली एक रेघ.
कोरी.

पेन थंडीने चालेना.
तोंडाच्या वाफेवर धरलं बराच वेळ,
मग चाललं.