बासष्ट झिरो चार

गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी एकावर
अप्पांचं दुकान. मोटारपंपाचे स्पेअर.
वरच्या खोलीत मी, पुण्याच्या एका कंपनीसाठी
पानं लिहिते,
प्रोग्रामर लोकांना गूगलवर सापडावीत अशी.

पहिल्या वर्षी लिहिलं, 'डेटाबेस म्हणजे काय?'
चाळीस हजार आले.
ऋत्विज सरांनी मीटिंगमध्ये आलेख दाखवला,
रेघ अशी चढलेली, जशी निकालानंतर
आमच्या लातुरात क्लासवाल्यांची पोस्टरं चढतात.
चाळीस हजार. बहुतेक परीक्षेच्या आदल्या रात्रीची पोरं.
व्याख्या उतरवून घेतली, गेली.
कुणी दारसुद्धा ओढून घेतलं नाही.

खाली अप्पा कधी या, या म्हणत नाहीत.
बोर्डावरचा 'सर्व प्रकारचे' हा शब्द
ऊन खाऊन केव्हाच उडालाय.
तरी औशाहून, मुरूडहून, निलंग्याहून माणूस येतो,
रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवतो.
ग्रीसनं काळं, एका बाजूनं चावल्यासारखं.
चांगली बेरिंग कोणती, असं कुणीच विचारत नाही.
अप्पा अंगठ्यानं ग्रीस पुसून नंबर वाचतात.
"बासष्ट झिरो चार. पाणी शिरलंय आत.
सील बी बदल, नाहीतर म्हैनाभरात पुन्हा बोंबलत येशील."

"आला तर आपलाच फायदा की," मी एकदा म्हणाले.
"येत नसतंय," अप्पा म्हणाले, "दुसरीकडं जातंय."

त्या रात्री शोधशब्दांची यादी उघडली.
वरचे गलेलठ्ठ शब्द सोडून खाली गेले, अजून खाली,
जिथं महिन्याला सात जण, तीन जण, एक.
तिथं 'सर्वोत्तम' कुणी म्हणत नव्हतं.
आपली मोडलेली ओळ
जशीच्या तशी आणून ठेवली होती लोकांनी,
राहून गेलेल्या कंसासकट,
आवृत्तीच्या आकड्यासकट.

एक पान लिहिलं, त्यातल्या एकाच ओळीचं.
आधी ते स्वतः मोडून बघितलं, दोन दिवस गेले.
पाणी कुठून शिरतं, आधी काय सोडायचं.
आमच्या मालाचं नाव शेवटून दुसऱ्या ओळीत,
तेही, लागत असेल तर.

महिन्याला एकतीस माणसं.
"एकतीस?" ऋत्विज सर म्हणाले.
म्हटलं, हो. नऊ थांबली.
एकानं पहाटे तीन दहाला
पान तळापर्यंत वाचलं, वर गेला, पुन्हा वाचलं.
कोण, कुठला, ठाऊक नाही.

सर रेघेकडं बघत राहिले. जवळपास आडवीच होती.
खाली शटर अर्धं पडलेलं.
"अप्पा, बंद केलाव का?"
"दाखव," अप्पा म्हणाले.